नवा संगणक, रिकामी डिस्क : इन्स्टॉल कशावरून करायचं?

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून नवीन यंत्र घेणाऱ्यांची पत्रं वाढली आहेत आणि बहुतेकांची गाडी एकाच स्टेशनावर अडते : इन्स्टॉलेशनचं माध्यम, म्हणजे ज्यावरून विंडोज किंवा लिनक्स डिस्कवर चढवायचं ती डीव्हीडी किंवा पेनड्राइव्ह. म्हणून या वेळचं सदर त्याच एका विषयावर.

प्रश्न : फ्रीडॉस असलेला (विंडोजशिवायचा) लॅपटॉप स्वस्त पडला म्हणून घेतला. त्याला डीव्हीडी ड्राइव्ह नाही. दुकानदार त्याच्याकडच्या पेनड्राइव्हवरून ५०० रुपयांत ‘विंडोज टाकून’ देतो म्हणतो. ते करून घ्यावं, की बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह विकत घ्यावा? (सांगली)

दोन्ही नको. साध्या, एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात आणि विंडोज ११ ची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनचं सगळं सामान बांधलेली एकच फाइल) ५ जीबीच्या पुढे गेली आहे. दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क मिळते, पण ती महाग आणि वाचायला मंद. एका दिवसाच्या कामासाठी ड्राइव्ह आणि डिस्क दोन्ही घेण्यात अर्थ नाही.

८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आम्ही १६ किंवा ३२ जीबीचा, यूएसबी ३ चा घ्यायला सांगू, कारण त्याच पेनड्राइव्हवर ड्रायव्हरही (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) ठेवायचे आहेत. काहीशे रुपयांत ‘१ टीबी’ म्हणून विकले जाणारे पेनड्राइव्ह टाळा. त्यांच्या आत चिप असते लहान आणि कंट्रोलर संगणकाला मोठा आकडा सांगतो. खऱ्या क्षमतेपलीकडे लिहिलेलं कुठेच जात नाही किंवा आधीच्या माहितीवरच लिहिलं जातं. परिणाम असा, की इन्स्टॉलेशन साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत व्यवस्थित जातं आणि मग ‘फाइल खराब आहे’ अशी ८००७०५७० आकड्याची चूक येते. शंका असेल तर विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री चालवून पेनड्राइव्ह तपासा. वेळ लागतो, पण निकाल पक्का मिळतो.

दुकानदाराच्या पेनड्राइव्हबद्दल : फ्रीडॉसच्या लॅपटॉपमध्ये विंडोजची ‘की’ (परवान्याचा क्रमांक) नसते. मग ५०० रुपयांत जे ‘टाकलं’ जातं, त्यात परवाना कुठून येणार? बऱ्याचदा ती कोणीतरी फेरफार केलेली प्रत असते, सोबत ॲक्टिव्हेटर (परवान्याविना विंडोज चालवणारा प्रोग्राम) असतो आणि तो चालावा म्हणून डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटिव्हायरस, आधीच बंद करून ठेवलेला असतो. त्याच लॅपटॉपवर तुम्ही उद्या बँकेचे व्यवहार करणार आहात. परवाना वेगळा घ्या आणि पेनड्राइव्ह घरीच तयार करा.

कोणाचाही चालू विंडोज संगणक घ्या. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर विंडोज ११ च्या डाउनलोड पानावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, भाषा निवडा, ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ निवडा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा लग्नाचे फोटो आधी दुसरीकडे हलवा. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरणार असाल तर दिवसाच्या डेटाची मर्यादा पाहा, पाच-सहा जीबी सहज जातात.

आता ज्याने लोक हमखास अडतात ते. विंडोज ११ होम सुरुवातीच्या सेटअपमध्ये इंटरनेट मागतं आणि नव्या लॅपटॉपच्या वाय-फायचा ड्रायव्हर इन्स्टॉलरमध्ये नसू शकतो. नेट नाही म्हणून पुढे जाता येत नाही, आणि ड्रायव्हर नेटवर. म्हणून लॅपटॉपच्या तळाशी छापलेला मॉडेल क्रमांक बघून कंपनीच्या सपोर्ट पानावरून वाय-फाय आणि स्टोरेज हे दोन ड्रायव्हर आधीच त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये ठेवा. तेही राहिलं तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. विंडोजला तो तारेचा नेटवर्क वाटतो आणि काम पुढे सरकतं.

बूट मेनूसाठी (यंत्र कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी) यंत्र चालू करताच दाबायची कळ : एचपीवर एफ ९, डेल आणि लेनोवोवर एफ १२, आसुस लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ १२ आहे, पण बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘एफ १२ बूट मेनू’ आधी चालू करावा लागतो. बायोसमधला बूटचा कायमचा क्रम मात्र बदलू नका. बदललात तर पहिल्या रीस्टार्टला यंत्र पुन्हा पेनड्राइव्हवरूनच सुरू होतं, इन्स्टॉलेशन पहिल्या पायरीवर येतं आणि माणूस तीन-तीनदा तेच करत बसतो.

प्रश्न : विंडोजची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केली, बूट मेनूत पेनड्राइव्ह दिसत नाही. मग फाइल उलगडून आतलं सगळं एनटीएफएस पेनड्राइव्हवर टाकलं, तरी नाही. एफएटी ३२ करून पाहिलं तर ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणतो. (नाशिक)

तुम्ही तीन प्रयत्न केलेत आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी फसले. या विषयातली निम्मी गोम या तिघांतच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

संगणक सुरू होतो तेव्हा विंडोज नसतं, लिनक्स नसतं. असतं फक्त मदरबोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे यूईएफआय. लोक त्याला अजून बायोसच म्हणतात. पेनड्राइव्ह फॉरमॅट करायच्या पद्धतींपैकी या फर्मवेअरला एफएटी ३२ वाचता येणं बंधनकारक आहे, एनटीएफएस आणि एक्सफॅट नाही. पेनड्राइव्हवर ते ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर शोधतं, त्यात ‘बूट’ आणि त्यात ‘बूटएक्स६४’ नावाची ईएफआय फाइल. ती सापडली तर पुढचं सगळं ती फाइल सांभाळते.

पहिल्या प्रयत्नात पेनड्राइव्हवर फक्त एक आयएसओ फाइल होती. ती म्हणजे बंद पेटी, फर्मवेअर ती उघडत नाही. दुसऱ्यात फोल्डर बरोबर होता, पण एनटीएफएसवर असल्यामुळे बहुतेक फर्मवेअरला तो दिसतच नाही. तिसऱ्यात स्वरूप बरोबर, पण एफएटी ३२ मध्ये एक फाइल जास्तीत जास्त ४ जीबीला एक बाइट कमी इतकीच असू शकते. विंडोजच्या ‘सोर्सेस’ फोल्डरमधली ‘इन्स्टॉल डॉट विम’ ही एकच फाइल त्याहून मोठी असते.

यातून वाटा तीन. पहिली, मीडिया क्रिएशन टूल. ते हे गणित स्वतःच सोडवतं, डोकं लावावं लागत नाही. दुसरी, रुफस हा प्रोग्राम. ते मुख्य भाग एनटीएफएस करतं आणि पेनड्राइव्हच्या शेवटी एक चिमुकला एफएटीचा भाग ठेवतं. त्यात फर्मवेअरला एनटीएफएस वाचून दाखवणारा दुभाषी असतो. रुफसमध्ये पार्टिशन स्कीम (डिस्कचे भाग मांडायची पद्धत) ‘जीपीटी’ आणि टार्गेट सिस्टिम ‘यूईएफआय’ ठेवा, बाकी काही बदलू नका. तिसरी, डिझम या विंडोजमधल्याच साधनाने मोठी विम फाइल ३८०० एमबीच्या तुकड्यांत कापून ‘एसडब्ल्यूएम’ फाइली करायच्या आणि मूळ विमच्या जागी ठेवायच्या. सेटअप त्या आपोआप ओळखतं. पेनड्राइव्ह हाताने बनवायचाच असेल तर हीच वाट.

पुढे आणखी एक फाटा येतो. जरा जुन्या मदरबोर्डवर बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ लिहून. नुसत्या नावाचा निवडला की जुन्या पद्धतीने बूट होतं आणि डिस्क निवडताना विंडोज म्हणतं, ‘ही डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, इथे इन्स्टॉल होणार नाही.’ डिस्कला काही झालेलं नसतं. बाहेर या आणि ‘यूईएफआय’ लिहिलेला निवडा.

प्रश्न : पेनड्राइव्ह बूट झाला, सेटअप चालू झालं, पण डिस्कच दिसत नाही. ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे, बायोसमध्ये दिसते. एसएसडी खराब आहे का? (पर्वरी, गोवा)

बायोसमध्ये दिसते ना, मग एसएसडी ठीक असण्याचीच शक्यता जास्त. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाचा कंट्रोलर चालू करून दिलेला असतो. एसएसडी त्याच्या मागे बसते आणि इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर असल्याशिवाय विंडोजच्या सेटअपला ती दिसत नाही. एएमडीच्या यंत्रात ही भानगड नाही.

सपोर्ट पानावरून स्टोरेज ड्रायव्हर उतरवलात की तो बहुधा ‘ईएक्सई’ फाइल म्हणून येतो. ती तशीच पेनड्राइव्हवर टाकून उपयोग नाही, सेटअपला तिच्या आतली ‘आयएनएफ’ फाइल हवी असते. इंटेलच्या मूळ ‘सेटअप-आरएसटी’ फाइलला कमांड प्रॉम्प्टवर ‘एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स’ हा पर्याय देऊन ड्रायव्हर फोल्डरमध्ये उलगडता येतात. त्यात व्हीएमडीचा वेगळा फोल्डर निघतो, तोच न्या. मग डिस्क निवडायच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’, ब्राउझ, तो फोल्डर. दोन-तीन सेकंदांत एसएसडी यादीत येते. ‘सही असलेला ड्रायव्हर सापडला नाही’ असं आलं तर ड्रायव्हर दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरचा आहे. तुमच्याच मॉडेलच्या पानावरचा घ्या.

बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं हा सोपा उपाय आहे आणि डिस्क रिकामी असेल तर करायला हरकत नाही. पण आधीच विंडोज असलेल्या यंत्रावर तो बंद केलात तर ते विंडोज निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून थांबेल. घाबरू नका, परत चालू केलं की परत चालतं.

अशा लॅपटॉपवर सेटअपमध्ये टचपॅडही बऱ्याचदा मुका असतो. तारेचा माउस जवळ ठेवा. आणि ‘मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ असा, ऐकायला सारखाच पण वेगळा संदेश आला तर संशय पेनड्राइव्हवर किंवा पोर्टवर घ्या : दुसऱ्या पोर्टला लावून पाहा, नाही तर पेनड्राइव्ह नव्याने लिहा.

प्रश्न : लिनक्स टाकायचं आहे. डेबियनची छोटी नेट-इन्स्टॉल फाइल घ्यावी की उबुंटूची मोठी? इन्स्टॉलर मराठीत मिळतो का? २०२२ मध्ये बनवलेला उबुंटूचा पेनड्राइव्ह घरात आहे, तो नव्या लॅपटॉपवर ‘एसबॅट’ असं काहीतरी म्हणून बंद पडतो. (कुडाळ)

शेवटापासून सुरू करू. तो पेनड्राइव्ह पुसून टाका. सिक्युअर बूटमध्ये (ओळखीची सही नसलेला प्रोग्राम सुरू होऊ न देणारी फर्मवेअरची सोय) लिनक्सचा ‘शिम’ हा छोटा प्रोग्राम तपासला जातो. जुन्या शिममध्ये सुरक्षेची भोकं निघाली, म्हणून ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या आवृत्त्या नाकारायला सुरुवात केली. तोच तुमचा एसबॅटचा संदेश. सिक्युअर बूट बंद करून वेळ मारून नेता येईल, पण ताजी आयएसओ उतरवणं त्याहून सोपं. इन्स्टॉलेशनचं माध्यम लोणच्यासारखं मुरवत ठेवायची वस्तू नाही.

डेबियनची नेट-इन्स्टॉल फाइल १ जीबीहून लहान असते, उबुंटू २४.०४ ची सुमारे ६ जीबी. पण लहान म्हणजे डेटा कमी लागेल असं नाही. डेस्कटॉपसकट इन्स्टॉल करताना उरलेलं सगळं त्याच वेळी नेटवरून येतं. कोकणात पावसाळ्यात नेट मधेच जात असेल तर मोठी फाइल एकदा नीट उतरवून ठेवणं बरं. शिवाय उबुंटू, मिंट, फेडोरा यांच्या फाइली लाइव्ह असतात, म्हणजे डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच वाय-फाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं चालतात का ते पाहता येतं. अगदी नव्या लॅपटॉपवर आम्ही हेच आधी करायला सांगू, कारण नव्या वाय-फाय चिपला नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) लागतो. त्याच कारणासाठी नुसतं २४.०४ न घेता २४.०४.३ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. तिच्यात कर्नल ताजा असतो.

डेबियनच्या बाजूने दोन गोष्टी. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, वाय-फायचं फर्मवेअर अधिकृत फाइलमध्येच येतं. पूर्वीसारखा वेगळा पेनड्राइव्ह लागत नाही. आणि इन्स्टॉलर मराठीत आहे. सुरुवातीला ‘ग्राफिकल इन्स्टॉल’ निवडा म्हणजे भाषांच्या यादीत मराठी दिसेल. साध्या मजकुराच्या पडद्यावर देवनागरीची जोडाक्षरं नीट उमटत नाहीत, म्हणून तिथे मराठीचा पर्याय ठेवलेलाच नाही.

पेनड्राइव्हवर लिहिण्याआधी फाइलची शा-२५६ ची बेरीज (फाइलचा ठसा) संकेतस्थळावर दिलेल्या बेरजेशी जुळवून पाहा. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर उजवी क्लिक करून तिथेच मिळते, नाही तर पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश. एक अक्षर जरी वेगळं असेल तरी फाइल पुन्हा उतरवा. लिहायला रुफस किंवा एचर. लिनक्सच्या बहुतेक आयएसओ फाइली अशा बांधलेल्या असतात, की पेनड्राइव्हवर बाइटला बाइट उतरवल्या तरी बूट होतात. विंडोजची आयएसओ तशी नसते, त्यामुळे तीच एचरने लिहिली तर पेनड्राइव्ह बूट होत नाही. एचर तसा इशारा देतो, पण लोक तो न वाचता पुढे जातात.

प्रश्न : इथे घेतलेल्या लॅपटॉपवर जर्मन विंडोज आहे. इंग्रजीसाठी नवं माध्यम बनवून सगळं पुसावं का? (म्युनिक)

बहुधा गरज नाही. साधं ‘होम’ असेल तर सेटिंगमधल्या भाषेच्या पानावरून इंग्रजी जोडा. भारतात विकल्या जाणाऱ्या पुष्कळ लॅपटॉपवर ‘होम सिंगल लँग्वेज’ असतं. तिथे मात्र अशी भाषा बदलता येत नाही, हव्या त्या भाषेचं माध्यम घेऊन नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. परवान्याची की त्याच आवृत्तीची चालते.

पुसायचंच असेल तर आधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बायोसमध्ये काही बदललं की यंत्र ती मागू शकतं. शिवाय ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजमधलाच ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ बनवून ठेवा, म्हणजे कंपनीची मूळ स्थिती हातात राहते. विंडोजची की फर्मवेअरमध्येच असते, सेटअप ती स्वतः वाचतं आणि न विचारता होम निवडतं. कीबोर्ड मात्र जर्मन निवडा, नाही तर वाय आणि झेडची अदलाबदल होईल आणि ठेवलेला पासवर्ड नंतर लागणार नाही.

प्रश्न : शाळेत २० नवे संगणक आले आहेत, सगळ्यांवर विंडोज टाकायचं आहे, परवाने आहेत. नेटवर्कवरून एकदम करता येईल का? (कराडजवळची शाळा)

येईल, पण २० यंत्रांसाठी आम्ही चार पेनड्राइव्ह घ्यायला सांगू. पहिल्या रीस्टार्टनंतर पेनड्राइव्हचं काम संपतं. तो काढून लगेच पुढच्या यंत्राला लावता येतो. यूएसबी ३ च्या पोर्टवर दहा-पंधरा मिनिटांत ही वेळ येते. चार पेनड्राइव्ह आणि दोन माणसं असली तर हा टप्पा एका दुपारी उरकतो. पेनड्राइव्हच्या मुळाशी (कोणत्याही फोल्डरच्या बाहेर) ‘ऑटोअनअटेंड’ नावाची एक्सएमएल फाइल ठेवली, की भाषा, कीबोर्ड, खात्याचं नाव हे प्रश्न वीस वेळा विचारले जात नाहीत. पण तिच्यात डिस्क पुसायची आज्ञा घातली असेल तर त्या पेनड्राइव्हवर ठळक चिठ्ठी चिकटवा. तो चुकून मुख्याध्यापकांच्या संगणकाला लागला तर कोणालाही न विचारता काम करून टाकेल.

नेटवर्कवरून करायचं तर गिगाबिट स्विच लागतो. शाळांमध्ये बऱ्याचदा १०० एमबीपीएसचा जुना स्विच असतो. त्यावर सर्व्हरकडून सेकंदाला ११ एमबी बाहेर पडले, तर ६ जीबी गुणिले २० म्हणजे नुसती कॉपीच तीन तासांची. शिवाय पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करून देणाऱ्या) सर्व्हरने पत्ते वाटायला सुरुवात केली आणि राउटरही वाटतच असला, तर दोघांच्या भांडणात ऑफिसचं नेट बंद पडतं. प्रयोगशाळेचा स्विच तेवढा वेळ बाकी नेटवर्कपासून तोडून ठेवा. वाय-फायवरून पीएक्सईचा विचार करू नका.

व्हेन्टॉयचं नाव तुम्ही ऐकलं असेल : एका पेनड्राइव्हवर हव्या तितक्या आयएसओ नुसत्या कॉपी करायच्या. दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात तो असावाच. पण सिक्युअर बूट चालू असेल तर प्रत्येक यंत्रावर पहिल्यांदा निळा पडदा येतो आणि ‘एनरोल की’ करावं लागतं. वीस यंत्रांवर वीस वेळा. इथे साधा पेनड्राइव्हच बरा.

प्रश्न : विंडोज ७ ची मूळ डीव्हीडी आहे, जुन्या हिशोबाच्या प्रोग्रामसाठी ती नव्या संगणकावर चालेल का? (जालना)

नाही. त्या डीव्हीडीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, म्हणून पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड-माउस बंद पडतील. एनव्हीएमई एसएसडीही दिसणार नाही. खटपट करून चढवलंच, तरी १४ जानेवारी २०२० पासून त्याला सुरक्षा अपडेट नाहीत. नव्या विंडोजमध्ये व्हर्च्युअलबॉक्स (संगणकातच दुसरा संगणक चालवणारा प्रोग्राम) टाका, डीव्हीडीची आयएसओ करून त्यात विंडोज ७ चढवा आणि त्याचं नेट तोडून ठेवा.

प्रश्न : इन्स्टॉलेशननंतर १६ जीबीचा पेनड्राइव्ह काही एमबीचाच दिसतो. बिघडला का? (अकोला)

बिघडलेला नाही. आयएसओ बाइटला बाइट लिहिली, की पेनड्राइव्हवर तिचीच पार्टिशनं येतात आणि विंडोजला त्यातलं एखादंच ओळखता येतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, डिस्कपार्ट चालवा, ‘लिस्ट डिस्क’ म्हणा. ज्या ओळीत १४ किंवा १५ जीबीच्या आसपासचा आकडा आहे ती तुमची. ‘सिलेक्ट डिस्क’ आणि तो क्रमांक, मग ‘क्लीन’, ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, आणि शेवटी नेहमीच्या खिडकीतून फॉरमॅट. ‘क्लीन’ खात्री विचारत नाही आणि डिस्क ० बहुधा तुमची मुख्य एसएसडी असते, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी पेनड्राइव्ह एकदा उपटा, ‘लिस्ट डिस्क’ पुन्हा करा आणि कोणती ओळ गेली ते पाहा.